लळिंगचा चढ

बाटलीवर वीज छापलेली,
आत निळं पाणी.
काल घरी, फ्रिजचं दार उघडं ठेवून
घोटभर चाखलं होतं.
तापात आई पाजायची
त्या मीठ-साखरेच्या पाण्यासारखं,
वर लिंबाचा खोटा वास.
झाकण लावून टाकलं.

आज लळिंगचा चढ. मे महिना, सकाळचे आठ
आणि धुळं केव्हाच तापलेलं.
ट्रकची गरम धाप पोटरीला लागते.
काळ्या टीशर्टवर मिठाचे पांढरे नकाशे.
कानामागून ओघळ ओठांत येतो : खारट.
म्हणजे मीच सांडतेय
थेंबाथेंबानं, डांबरावर.
पोटरीत गाठ आवळते, सुटते,
पुन्हा आवळते.

टोलनाक्याच्या अलीकडे स्कूटर लावून बोरसे सर :
"धीरे पे वं, आंडेर. तोंडमा धर, मंग गिय."
मी कसली ऐकतेय. गटागटा.
मग अर्धी बाटली पोटात
दोन वळणं डचमळत राहते,
दुसऱ्याच कुणाचा हंडा उचलल्यासारखी.
जात्र्या पावरा शेजारून निघून जातो,
हसतो, की धापच तशी असते त्याची.

पुढच्या थांब्याला एकच घोट.
जिभेवर धरते.
आणि हे काय,
मीठ लागतच नाही!
जीभ सोडायला तयार नाही त्याला.
गाठ सुटली की नुसतं विसरले तिला,
सांगता येणार नाही.
पाय मात्र निघाले होते.

रात्री उरलेलं तोंडाला लावलं.
पुन्हा तेच, तापातलं पाणी.
अंग म्हणालं, पुरे.
मोरीत ओतलं.
पांढऱ्या फरशीवर
निळा ओघळ अजून आहे.