दोनशे केबी

हर्णैच्या सेवा केंद्रात जिक्रिया होडेकर
मोबाइल पुढे करतो. अकरा फोटो,
होडीच्या कागदांचे, डेकवरच काढलेले.
तिसऱ्यात त्याचाच अंगठा,
सातवा आडवा.

सरळ करते, ओळीने लावते,
एकच पीडीएफ.
साडेचार एमबी. साइट घेते दोनशे केबी.

दाबत जाते.
आधी फुटते त्याच्या बापाची सही:
जाळ्याच्या आसांसारखे चौकोन,
नाव त्यातून निसटतं.

"ह्ये काय?" त्याचं बोट
शिक्क्याशेजारच्या ठिपक्यावर.
खवला. तांबोशीचा असेल,
ओल्या कागदाला चिकटलेला.
पुसू?

"ऱ्हावदे," म्हणतो,
"तेवढंच नीट दिसतंय."

एकशे अठ्ठ्याण्णव.
गोल फिरत राहतं. नेट गेलंय.
तो बाकावर बसतो,
अंगठा पँटला पुसत.