मुलीकारणे

रावपुऱ्यात, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत
माझा संध्याकाळचा वर्ग.
व्हिसाच्या खिडकीपाशी काय बोलायचं,
एवढंच शिकवते मी.

सात जण. मीनळबेन सगळ्यांत मोठ्या, एकसष्टच्या.
लेक न्यूजर्सीला, दिवस भरत आलेले.

खिडकीतला माणूस विचारेल, का जायचंय?
म्हणायचं, बिकॉज. मग थांबायचं नाही.

मीनळबेननी हात वर केला.
"ए शब्द क्यांथी आव्यो, टीचर?"
अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

मी तो फळ्यावर मधोमध फोडला.
बाय. कॉज.
कॉज म्हणजे कारण. लॅटिनातून निघालेलं,
फ्रेंचांकडे मुक्काम करून आलेलं.
त्याचा एक अर्थ खटला.
न्यायमंदिरात तारखांची यादी लागायची,
ती कॉज लिस्ट. माझे वडील टाइप करायचे,
तीन कार्बन घालून, रोज.
फ्रान्सात तेच कारण झिजत झिजत
नुसतं 'वस्तू' होऊन बसलं.

"खटलो तो घरमां पण होय," मीनळबेन म्हणाल्या
आणि वहीत लिहून घेतलं.

आणि बाय?
बाय म्हणजे कडेला, जवळ.
कारणाच्या आत कुणाला घेत नाहीत.
शेजारी उभं राहायचं.

तुमचं 'केम के' बघा :
आधी प्रश्न, मग त्यालाच शेपूट.
आमचं कारण करण्यातून आलंय,
आणि 'म्हणून' तर नुसतं म्हणण्यातून.

(मी बडोद्यातच का राहिले, कुणी विचारलं
तर 'उगीच' म्हणते.
तो शब्द अजून फोडून पाहिला नाही.)

मार्चात मीनळबेन मुंबईला जाऊन आल्या,
वर्गासाठी लीलो चेवडो घेऊन.
सगळं विसरले, म्हणाल्या,
त्यानं विचारलं, व्हाय, आणि तोंडातून एवढंच निघालं :
माय डॉटर बिकॉज.

वर्ग हसला.
बिकॉज शेवटी? टीचर, शेवटी?

चूक दाखवायला मी खडू उचलला
आणि हात फळ्याशीच राहिला.
जुन्या मराठीत ते शेवटीच यायचं,
नावाला बिलगून, सुटं न राहता.
पोटाकारणे.
लेकीकारणे.

"बरोबर आहे," मी म्हटलं,
"थोडं जुनं आहे, इतकंच."

चेवडा फिरत राहिला.
पासपोर्ट त्यानं ठेवून घेतला की परत दिला,
हे विचारायचं मात्र सगळ्यांचंच राहून गेलं.