तळाला भोक असलेली वाटी

आमच्या गावात पाणी मोजायला
तांब्याची एक वाटी होती.
तळाला भोक, दाभणाच्या टोकाएवढं.
घंगाळात सोडली की ती
हळूहळू पाणी पीत बुडायची
आणि बुडताना घशातल्या घशात
एक आवाज करायची.
तो आवाज झाला की एक वाटी झाली.
बास्सूच्या जवाला चार वाट्या,
मशिदीच्या अक्रोडांना दोन,
विधवा इज्जाला तीन, आणि वर एक.
ती वरची का, हे कुणालाच आठवत नव्हतं,
पण कुणी कमीही केली नाही.

पाटकरी माझा बाप, हद्दू.
अ‍ॅटलसच्या थंडीत रात्र रात्र
लोकरीच्या झग्यात गुडघे गोळा करून
घंगाळाशेजारी बसायचा.
दर बुडीला एक खडा
डाव्या हातातून उजव्या हातात.
पाण्यापायी एकदा दोन घरांत कुऱ्हाडी निघाल्या,
तेव्हाही त्याच्या खड्यांवर
कुणी बोट ठेवलं नाही.
आई म्हणायची, मी याची दुसरी बायको,
पहिली ती, घंगाळातली.

रस्ता आला त्या वर्षी आई गेली.
म्हणजे आधी आई गेली, मग रस्ता आला.
मध्ये सात आठवडे.
खेचराच्या पाठीवर, दोन उशांमध्ये बांधलेली,
खिंड ओलांडायच्या आत तिची घटका भरली.
आता तीच खिंड रुग्णवाहिका
चाळीस मिनिटांत उतरते.
म्हणून रस्त्याला नावं ठेवायला
माझी जीभ वळत नाही.
इतरांनी ठेवावीत.

फोनात गजर लावायला बापाला मीच शिकवलं.
पहाटे साकुराची पाळी, तेव्हा कोंबडा,
इज्जाची पाळी, तेव्हा घंटा.
एक उन्हाळाभर त्यानं दोन्ही चालवलं,
गजर आणि वाटी,
आणि गजर चुकतो असं मला सांगत राहिला.
मग ज्याच्या त्याच्या बांधावर
सौरपट्ट्या, विंधनविहिरी, सफरचंदं.
जव कुणी पेरेना.
पाण्यावरून भांडणं थांबली,
कारण पाणी आता एकमेकांकडे मागायचं नव्हतं.
वरचा झरा मात्र
पहिल्यांदा बारीक झाला,
मग ओला डाग,
मग नुसता हिरवा दगड.
पाळी संपली, असं कुणी जाहीर केलं नाही.
एका रात्री बाप उठून बाहेर गेला
आणि लगेच परत आला, एवढंच.

वाटी माझ्या भावानं विकली.
मोटारसायकलचा एक हप्ता.
बापानं किंमत विचारली, ऐकली,
आणि चहा गाळत राहिला.
चहाला अजून तो म्हणतो,
अर्धी वाटी उकळू दे.
सुनेला वाटतं, तो मापाबद्दल बोलतोय.

मी मराकेशला हॉटेलात काम करते.
गणवेश, नावाची पट्टी, फ्रेंच.
मागच्या हिवाळ्यात स्वागतकक्षात
नवे दिवे लावले, डोंगरातून आणलेले,
जुनी भांडी उपडी टांगून.
तिसऱ्या दिव्याच्या काठावर
दाताच्या खुणा आहेत.
त्या माझ्या.
दात येत होते तेव्हा
गप्प बसावं म्हणून बाप ती हातात द्यायचा,
दोन पाळ्यांच्या मध्ये.

काल एक बाई आली, चांगली होती,
चष्मा वर करून पाहत म्हणाली,
किती जुनं काम! आणि हे भोक,
हे आधीपासूनच होतं का?
कशासाठी असेल?

मी म्हटलं, वायरसाठी.

तिनं मान हलवली. किल्ली घेतली.
मी तिची बॅग उचलून उभी राहिले.
लिफ्ट खाली यायला
पाव वाटी लागली.