साकु

नाव माझं सातेरी.
सातेरी म्हणजे वारूळ, आई सांगायची,
मातीची देवी, मातीतूनच वर आलेली.
आणि मी बत्तीस वर्षं उद्यमबागेत
काळ्या वाळूचे साचे ठोकले.
जळकी वाळू, तिच्यात गवताची काडी उगवायची नाही.
नखांत अजून आहे.

खानापूरला, कौलांच्या बंद कारखान्यामागे
वर्ग भरतो. वर्षातून चारदा, ऋतू पालटला की.
सुनेनं नाव घातलं :
टीव्हीला शिव्या घालत बसण्यापेक्षा जावा की, मामा.

फिलोमिनाबाई छत्री घेऊन आलेल्या,
ऊन नाही, पाऊस नाही, तरी.
मुजावरांच्या रेश्माला फक्त गुलाब हवे होते.
शिकवायला निंगव्वा मेदार.
बांबू चिरत चिरत बोलते,
अर्धं कानडी, अर्धं आपलं,
मधला सांधा दिसत नाही.

बाग करायची म्हणजे, ती म्हणाली,
आधी काही करू नका. बसा.
पाणी कुठनं पळतंय बघा.
मार्गशीर्षात कुठलं पाणी पळायला?
खरं तिनं जांभ्यावरची एक घळ दाखवली,
करंगळीएवढी, वाळून पांढरी पडलेली.
हितनं, म्हणाली.

तिथं आडवे चर खणले.
काठाला फुटकी कौलं उभी रोवली.
एका कौलावर कुणाचा तरी अंगठा होता,
ओल्या मातीत उमटून भट्टीत पक्का झालेला.
माझा त्यात बसेना.
ते कौल मी दोनदा उपटून
दोनदा दुसरीकडे लावलं.

चैत्रातला वर्ग चुकला. गुडघा.
रेश्मानं करवंदं आणून दिली डबाभर,
एवढंच मला चैत्राचं ठाऊक.

जेठात सागाची कोवळी पानं.
तळहातावर चुरडली की हात लाल.
पान कापडाखाली धरून दगडानं ठोकायचं,
शीर न् शीर उतरली पाहिजे.
बाकीच्यांची पानं फाटली.
माझं उतरलं.
मामा, तुम्ही आधी काय करत होता?
साचे, म्हटलं. पोकळी राखायची नीट,
नग आपोआप होतो.
निंगव्वा विणता विणता हसली,
टोपलीचं तोंड माझ्याकडे फिरवून दाखवलं.
आत काही नव्हतं.

मग रोपं.
मला कुड्याचं मिळालं, टाचेएवढं.
मी झारीनं ओततोय, ओततोय,
आणि मागनं :
साकु!

हात थांबला. डोक्याच्या आधी हात.

भट्टीवर बसलिंग असायचा.
कढई तिरकी, लोखंडाचा रस साच्यात उतरतोय,
वरच्या भोकाशी तो चमकला रे चमकला
की बसलिंगची हाक, साकु!
वर गेला तर बूट जळायचा,
कमी पडला तर अख्खा नग भंगारात.
त्याला माझी भाषा यायची, मला त्याची समजायची,
खरं आवाजच इतका तिथं
की बत्तीस वर्षांत आम्ही
ह्या एका शब्दाखेरीज फारसं बोललो नाही.
तो गेला तेव्हा मी नाइट शिफ्टला होतो.

निंगव्वा म्हणाली, काय झालं?
काही नाही.
झारी खाली ठेवली.
रोपाभोवतीची माती पाणी पीत होती, बुडबुडे काढत.

शेवटी पाट्या. ज्यानं त्यानं
आपल्या रोपाचं नाव लिहायचं, लाकडावर.
मी कुडा लिहिलं नाही. साकु लिहिलं,
पाणी घालणाऱ्याला कळावं म्हणून.

भादव्यात गेलो तर पाटी वाळवीनं खाल्लेली,
'सा'चा काना तेवढा उरलेला.
आणि बुडाशी वारुळाचं पहिलं बोट,
ओलं, तांबडं, अजून मऊ.
फिलोमिनाबाई छत्रीचं टोक उगारून उभ्या.
निंगव्वानं टोक धरलं. राहू दे, म्हणाली,
रोप जगलंय.

संध्याकाळी सुनेला मोबाइलवर फोटो दाखवला.
तिनं मोठा करून बघितला, बारका करून बघितला.
खरं मामा, म्हणाली,
ह्यात बाग कुठाय?