पुढील तारीख

शुक्रवारी रात्री बाराला आला 'सांडवा'चा दुसरा सीझन
आणि शनिवारी सकाळी पद्मावतीच्या चहाच्या टपरीवर
माणसं उभी होती मयतीला आल्यासारखी.
डोळे तांबारलेले. आठ भाग, सलग.

"अपहार आहे हा," उभयकर म्हणाले.
बँकेतून निवृत्त झाल्यापासून
त्यांना दुसरा शब्दच सुचत नाही.
"अडीच वर्षं थांबलो, व्याजसुद्धा निघालं नाही.
इन्स्पेक्टर रणपिसेला लंडनला कशाला धाडलं?
नुसती कोट घालून पुलावर उभी.
आधी तिला कायम सर्दी असायची,
रुमाल शोधता शोधता समोरच्याकडून
कबुली काढायची बाई.
आता शिंकतसुद्धा नाही."

रेश्मा शिकलगार रात्रपाळीवरून आलेली,
हॉस्पिटलचं ओळखपत्र अजून गळ्यात.
सहाच भाग जमले तिला, तेही चोरून.
"विषाने माणूस असा मरत नाही," म्हणाली,
"इतका नीट भांग पाडून तर नाहीच."
आणि सुहृद, हातात क्रीमरोल तसाच धरून,
"जुळा भाऊ! अरे, जुळा भाऊ?"
एवढंच म्हणत राहिला.

मी ऐकत होते.
शिवाजीनगरच्या सेशन्स कोर्टात एकतीस वर्षं
या बोटांनी साक्षी टाइप केल्यात.
खऱ्या खटल्याचा दुसरा सीझन
याहून वाईट असतो.
साक्षीदार ओळीने फितूर होतात,
मुद्देमालातला कोयता गंजतो,
त्यावरची चिठ्ठी उंदीर खातो,
आणि पहिल्या वेळी खणखणीत बोललेल्या पंचाला
आता आठवत नाही
त्या दिवशी ऊन होतं की नव्हतं.
त्याला जुळा भाऊ लागत नाही.

हे मी बोलणार होते.
वाक्य तयार होतं, चांगलं होतं.
तेवढ्यात शेजारच्या हातगाडीवरून
दत्तोबा इस्त्रीवाल्याने विचारलं,
"त्या पोरीच्या आईचं काय झालं हो?"

कुठली पोरगी?

"कालव्यात सापडली ती. तिची आई.
दोन ताटं वाढायची बघा, पहिल्या वेळी, तिसऱ्या भागात.
आठही भाग बघितले मी मोबाइलवर,
म्हटलं आता येईल, मग येईल.
नावसुद्धा नाही घेतलं कुणी."

उभयकरांनी कप खाली ठेवला.
"बजेट नसेल," सुहृद म्हणाला,
आणि क्रीमरोल खायला लागला.

मला बाक आठवला, कोर्टहॉलच्या बाहेरचा,
एका टोकाला खिळा वर आलेला.
भोसरीहून एक बाई यायची, प्रत्येक तारखेला,
मांडीवर स्टीलचा डबा.
खिळ्यात पदर अडकतो म्हणून
दुसऱ्या टोकाला बसायची.
तिचं नाव चाळीसदा तरी टाइप केलंय मी;
आता आठवायला गेलं
की नुसतं आडनाव येतं.
मग अपील. मग मुंबई.
मग कागद फिरून परत आमच्याकडे,
फेरसुनावणीला.
एका तारखेला बाक रिकामा.
साहेब म्हणाले, लिहा.
पुकारा केला. फिर्यादी गैरहजर.
ऱ्हस्व-दीर्घ तपासलं मी,
आणि जेवायला गेले.

चहाचे पैसे उभयकरांनी दिले
(याची नोंद व्हावी).
तिसरा सीझन येतोय म्हणे.
बघायचा नाही, असं ठरलं, एकमताने.
दत्तोबा इस्त्रीतल्या निखाऱ्यांवर फुंकर मारत होता.
"त्यात आई असली तर सांगा," म्हणाला,
आणि राख बसल्यावर,
"नसली तरी बघीन. काय करणार."

रात्री मी पहिला सीझन लावला, तिसरा भाग.
ताट आलं तिथे थांबवलं.
भात, आमटी, लिंबाची फोड,
समोर पाट, पाटावर कुणी नाही.
आणि मीठ अगदी वर, डाव्या अंगाला,
जिथे वाढतात तिथेच.
तेव्हा माहीत होतं त्यांना,
मीठ कुठे वाढतात.