चौकटीतला आकडा

कंटेनरच्या पाठीवर चार अक्षरं, सहा आकडे
आणि शेवटी चौकटीत एकटा बसवलेला एक.
तो मालाचा नसतो, मालकाचाही नसतो.
आधीच्या दहांनी खोटं बोलू नये
म्हणून ठेवलेला साक्षीदार.

एकोणतीस वर्षं द्रोणागिरीच्या यार्डात
त्याची साक्ष मी तोंडी घेतली.
अक्षराचा अंक करा, दुप्पट, दुप्पटीची दुप्पट,
बेरजेला अकरानं भागा, उरेल ते चौकटीत.
बिडी संपायच्या आत सांगायचो,
बरोबर. सोड गाडी.
हिराजी घरत म्हणायचा,
याच्या डोक्यात मिठागराचा मुनीम बसलाय.
बसलाच होता.
आज जिथं पाच-पाच डबे एकावर एक चढलेत
तिथं आजोबा मीठ मोजायचे,
दर वीस टोपल्यांमागे एक शिंपला बाजूला टाकून.

आता गेटवर पाच कॅमेरे.
सीलमधली चिप आपलं आपण बोलते.
पूर्वी कुरियरवाल्याच्या पिशवीतून जाणारे कागद
बेलापूरला कुणाचं बोट हललं
की रॉटरडॅमला पोचतात.
जहाज तेवढं पोचत नाही.

तिकडं तांबड्या समुद्रात कोण कुणावर काय डागतंय,
आणि इथं निफाडची द्राक्षं
सव्वीस रीफरमध्ये प्लगला लागून बसलीत,
शून्याच्या खाली अर्धा अंश.
फुकटचे दिवस संपले, भाड्याचे सुरू झाले.
एक्स्पोर्टरचा फोन: जहाज कुठाय हो?
मी मोबाईल बघतो. निळ्यात एक हिरवा बाण.
मादागास्करच्या खाली, म्हणतो,
भूगोलात पस्तीस मार्कांवर सुटलेला मी.
वळसा घालून येतंय.
दिसतं सगळं. येत काही नाही.

परवा रात्री अकरा वीसला गेटचा दांडा वर होईना.
पडदा म्हणे, आकडा जुळत नाही.
मागं ट्रेलरची रांग दास्तान फाट्यापर्यंत,
पुढं इसरार, केबिनमधून अर्धा बाहेर:
बारा वाजता माझं ई-वे बिल मरतंय, चाचा.
इंजिनियर पोरगा वाशीहून फोनवर
रीस्टार्ट करा, रीस्टार्ट करा.
शेवटी कुणाला तरी मी आठवलो.

टॉर्च घेऊन गेलो. रंग उडालेला, वर गंजाचे ओघळ.
डोळ्यांना आठ दिसत होता. मलाही.
मग बोट फिरवलं.
डाव्या बाजूला पत्रा गुळगुळीत, रंगाची कड नाही,
गंजानंच दोन कमानी जोडून दिलेल्या.
तीन.
मनात दुप्पट, दुप्पट, अकरानं भागलं,
उरलं ते चौकटीत होतं.
दांडा वर गेला. इसरारनं हॉर्न दिला, एवढंच.
पोरगा म्हणाला, काका, फोटो पाठवा ना तेवढा.
पाठवला.

घरी हर्षदा लॅपटॉप घेऊन जेवायला बसलेली.
महापेच्या कंपनीत लागून चार महिने झाले.
काम काय, तर फोटोतल्या आकड्यांभोवती
माउसनं चौकटी काढायच्या,
आत कोणता आकडा ते लिहायचं,
दिवसाला नऊशे.
मशीन शिकतं, म्हणते, माझ्याकडून.
तिची आई ओरडते, जवळा गार होतोय.

बाबा, हा बघा ना. तीन की आठ?

मी चष्मा पुसला.
तोच ओघळ, तोच पत्रा,
कोपऱ्यात माझ्या अंगठ्याचं टोक.

तीन, मी म्हणालो.
कशावरून?
हात लावल्यावर कळतं. रंग असतो तिथं कड लागते बोटाला.
तिनं तीन लिहिलं, चौकट बंद केली.
बाकीचं लिहायला, म्हणाली,
इथं रकाना नाहीये.

मग पुढचा फोटो.
तो स्वच्छ होता, नवा डबा, मला कुणी विचारलं नाही.
भाकरीचा तुकडा मोडला
आणि सवयीनं
त्याचीही बेरीज करून ठेवली.