एकास पस्तीस

लॅम रोडवर माझं दुकान. पाटीवर : कवळ्या, दात, दुरुस्ती.
रात्री शटर अर्धं ओढलं
की त्याच टेबलावर रणगाडा येतो.
नळीसकट वीतभर.

खोक्यावर तो परेडमधला, तुळतुळीत.
मला हवा होता एकाहत्तरच्या डिसेंबरातला, रेताडातला,
म्हणून आधी मोडतोड.
चिखलपट्टी कापली, सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीची नवी केली,
मग अंगठ्यानं चेमटवली.
चौकटीची काडी मेणबत्तीवर ताणून
वायरलेसची तार ओढली, केसाएवढी.
टिश्यू पेपर डिंकात भिजवून ताडपत्री.
आणि दाढ कोरायच्या ड्रिलनं तोफेचं तोंड पोकळ केलं,
बंद तोंडाची तोफ म्हणजे जत्रेतलं खेळणं.

रंगासाठी दातांच्या छटांची पट्टी काढली.
सोळा दात, पांढऱ्यापासून करड्यापर्यंत.
त्यातला विडी ओढणाऱ्याचा पिवळा
वाळूच्या सगळ्यात जवळ.
तोच जुळवला, कॉम्प्रेसरनं तीन हात फवारले,
बाहेर निफाडकडून आलेली थंडी, रंग वाळता वाळेना.

दफेदार सानप, नांदूर शिंगोट्याचे,
खालच्या कवळीचं माप द्यायला आले.
तोंडात दात नाहीत, म्हणून सध्या त्यांची सकाळ
'हकाळ' होते.
खुर्चीवर मान टाकलेली, जबड्यात गुलाबी लगदा,
आणि नजर तिरकी, टेबलावर.
लगदा निघाल्यावर चूळसुद्धा भरली नाही.
"गाडी कुणाची?"
ते रणगाडा म्हणत नाहीत. गाडी.

"रंग कुठून आणला हा?"
पुस्तकातून, मी म्हटलं.
"वरून रंग आलाच नव्हता. हिरवेच गेलो आम्ही.
लांबून दिसायचो, बाभळीवर पोपट बसल्यागत.
मग टाक्यातलं पाणी काढून माती कालवली,
केरसुणीनं फासली गाडीला.
वाळली की भेगा. भेगांतून परत हिरवं."
टाकं कसलं, ते त्यांनी हातांनी दाखवलं :
जमिनीत पुरलेलं, वर झाकण, आत पावसाचं साठवण.
"एक दिवस तेही आटलं.
हकाळी चहा केला होता, चार कप.
लागले तीन."
ते थांबले.
"चौथा मातीत घातला. चिकट झाली. ती माती टिकली शेवटपर्यंत."

चौथा कोण, हे मी विचारलं नाही.
माप द्यायला आलेल्या माणसाला
तोंडाच्या आतलंच विचारायची माझी सवय.

त्या रात्री पिवळा सगळा थिनरनं पुसला.
खाली हिरवा दिला, त्यावर मिठाचे खडे,
दारणेच्या काठची माती कापडातून चाळली,
ती करडी निघाली, आमच्याकडची;
तिच्यात खडू, हळदीची चिमूट,
आणि उरलेला चहा.
तीन चमचे साखरेचा, अंदाजानं.
सुकल्यावर मीठ झटकलं तर खालून हिरवं
जागोजाग डोकावलं.
तरी पट्टीतल्या सोळापैकी एकाही दाताशी जुळेना.

मंगळवारी कवळी बसवली. चावून दाखवा म्हटलं,
त्यांनी हवेतच दोनदा चावलं,
मग चष्मा वर करून गाडीपाशी वाकले.
बराच वेळ.
"इथं कमी पडलीय," म्हणाले, बुरुजाच्या उजव्या अंगाला,
आणि वाटीत बोट घालून
अंगठ्यानं एक फटकारा मारला.

आता एकास पस्तीसच्या मापात
त्या अंगठ्याची रेघ अन् रेघ दिसते,
झाकणापेक्षा मोठी, शेताच्या नांगरटीसारखी.
मापात चूक आहे.
घासून काढायला दोन मिनिटं लागतील.

पैसे देताना ते म्हणाले, "सकाळी येतो, हिरडीला टोचतंय."
सकाळी म्हणाले. स नीट आला.
मी वहीत लिहून ठेवलं :
सानप, खालची, डावीकडे थोडं घासणे.